शनिवारीच निवडलेला सांबार

नागपूर,
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांना सप्रेम सलाम.

रविवार हा आपला विसाव्याचा दिवस, त्या दिवशी काम करायचे नाही; तेव्हा पत्र लिहिणे हे काम धरावे की नाही, याचा निकाल बाबांनी द्यावा. मी तरी ते विसाव्यातच धरले आहे.

लहानपणी मला रविवार आवडत नसे. उपासनेनंतर क्रिकेट नाही, दुकानात जाणे नाही, गृहपाठ नाही, अशी ती सगळी ‘नाही’ची यादी होती. नोकरीला लागल्यावर ती यादी सुटली आणि रविवारही लॅपटॉपसमोरच जाऊ लागला. गेल्या पावसाळ्यात इथल्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये (1970 साली सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जिथे स्थापन झाली, तेच हे देऊळ) बायबलमधला मान्न्याचा, म्हणजे देवाने रानात इस्राएल लोकांना पुरवलेल्या अन्नाचा, पाठ वाचला गेला. सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना मिळे आणि सातव्या दिवसासाठी राखलेला नासत नसे, हे शंभरदा ऐकलेले. पण विसाव्याची तयारी आदल्या दिवशीच करावी लागते, हे त्या दिवशी प्रथमच लक्षात आले.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी मी गोकुळपेठेतून भाजी आणतो. सांबाराची जुडी (तुमची कोथिंबीर, इथे तसे म्हटले तर भाजीवाली हसते) निवडून, ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवतो, चटणी वाटतो, कूलरची टाकी भरतो आणि आम्हा दोघांचे फोन तांदळाच्या डब्यावर उलटे ठेवतो. आज उपासनेहून आल्यावर तुमची नात माझ्याशेजारी ओट्यावर पालथी पडून अर्धा तास मुंग्यांची रांग पाहत होती आणि मला कुठेही जायचे नव्हते. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात, 58व्या अध्यायात, शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवसाला, आनंद म्हटले आहे, तो शब्द मला आता कुठे कळतो आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. निर्गमाच्या पुस्तकात शब्बाथ पाळण्याच्या आज्ञेचे कारण सृष्टीची उत्पत्ती हे आहे, तर अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात मिसरातली गुलामगिरी: तू दास होतास, म्हणून तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, बैल आणि गाढवसुद्धा त्यातून सुटलेले नाहीत. आई, ते वाचताना तू आठवलीस. आम्ही विसावा पाळायचो आणि तू उपासनेहून येऊन, लुगड्याचा पदर खोचून, बारा जणांचा मटणाचा रस्सा करायचीस. नंतर भांडीही तूच घासायचीस. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, हे बाबा शाळेत दरवर्षी शिकवत; ती सुटी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नाही आणि माझ्याही नाही.

नाताळाला तुम्ही इथे याल, तेव्हा शनिवारचा सांबार मीच निवडीन आणि रविवारी तू गॅसकडे फिरकायचे नाही. बाबांनी सकाळी खुशाल तर्री-पोहे खावेत. आमचा पोहेवाला दर सोमवारी गाडी बंद ठेवतो, तेव्हा त्यांनी त्याच्या विसाव्याची काळजी करू नये.

तुमचा लाडका,
धाकटा