तोडफोड फक्त 'गली बॉय'चा नव्हता

महोदय,

२० मार्च २०२२ ला एमसी तोडफोड गेला, म्हणजे धर्मेश परमार, वय अवघं २४. तुमच्या पेपरात चार ओळींची बातमी आली, हेडिंग काय तर 'गली बॉय' फेम रॅपरचं निधन, आणि खाली रणवीर सिंगने काय पोस्ट टाकली, झोया अख्तरने काय लिहिलं. त्यांनी आठवण काढली ते चांगलंच केलं. पण नायगावच्या बीडीडी चाळीतल्या, गुजरातीत रॅप करणाऱ्या या पोराच्या भाषेबद्दल, त्याच्या 'स्वदेशी' या रॅप ग्रुपबद्दल एक अक्षर नाही, हे मनाला लागलं म्हणून लिहितेय.

मी पण बीडीडीवालीच, ना. म. जोशी मार्गाची. १६० फुटांच्या खोलीत माणसं कशी राहतात, रात्री अभ्यासाला पोरं गॅलरीत चटई टाकून का बसतात हे मला कुणी सांगायला नको. माझे वडील गिरणीत होते, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठी खाल्लेले, दर १ मेला हुतात्मा चौकात जायचे. त्यांच्यासाठी गुजराती म्हणजे शेठ, गिरणीचा मालक, पेढीवर बसणारा. आमच्या मजल्यावर गुजराती घर होतं, कष्टाची माणसं, तरी ते वडिलांच्या हिशोबात कधी धरलंच गेलं नाही, आणि खरं सांगते मीपण तोच चष्मा घालून वाढले.

तो चष्मा माझ्या मुलाच्या मोबाईलमधून उतरला. तो कॉलेजला आहे, रॅपचं वेड, आणि एक दिवस बघते तर हा मालवणी घरातला पोरगा घडाघडा गुजराती म्हणतोय. मी विचारलं हे काय, तर म्हणाला आई, हा तोडफोड, हा पण चाळीतलाच आहे. गुजरातीत इतका राग असू शकतो, गरिबीवर, सरकारवर, जातीवर कुणी असं तोंडावर बोलू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. मला निम्मे शब्द समजले नाहीत, पण आवाज आपल्या गल्लीतला आहे एवढं मात्र लगेच समजलं.

'गली बॉय' पिक्चर २०१९ मध्ये आला, स्वदेशीची ही पोरं त्याच्या कितीतरी आधीपासून गातायत. कोण मराठीत, कोण गुजरातीत, कोण हिंदीत, ज्याची जी भाषा ती. पिक्चरमधल्या त्यांच्या गाण्यातसुद्धा मृदंगमचे बोल आहेत, म्हणजे बाहेरचं उचलून आणलेलं नाही. त्याच वर्षी वारली आदिवासींच्या जमिनीवर त्यांचं गाणं आलं, गोरेगावच्या आरे जंगलातल्या केलटी पाड्याचे प्रकाश भोईर सोबत घेऊन. पुढे ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत दोन हजारांच्या वर झाडं तोडली तेव्हा माझा मुलगा त्यातल्याच ओळी म्हणत होता. आरेबद्दल त्याला आधी काहीही माहीत नव्हतं, ना शाळेत शिकवलं ना आम्ही, त्याला ते या गाण्याने सांगितलं.

बातमी आली त्या रात्री आमच्या चाळीखाली सात-आठ पोरं जमली. स्पीकर लावला नाही, परीक्षांचे दिवस, कुणाला त्रास नको म्हणून. एकाने तोंडाने बीट दिला, हळू, आणि बाकीच्यांनी आळीपाळीने त्याच्या ओळी म्हटल्या. त्यात गुजराती मातृभाषा असलेला एकच. मध्ये एक ओळ कुणालाच आठवेना तर सगळे गप्प झाले, बीट देणारा मात्र थांबला नाही, देतच राहिला, आणि मग माझ्या मुलाला ती आठवली पण त्याच्याच्याने पुढे म्हणवेना, तो रडायला लागला. मी वर गॅलरीतून बघत होते. माझ्या वडिलांचा नातू एका गुजराती पोरासाठी रडत होता, आणि मला वडिलांची इतकी आठवण आली, वाटलं हे त्यांनी बघायला हवं होतं.

म्हणून एक विनंती. रविवारच्या पुरवणीत त्याच्यावर एक पान द्या, पिक्चरच्या नाही तर त्याच्या गाण्यांवर, आणि मराठी अर्थ सोबत द्या. चाळी आता पाडायला घेतल्यात, कोण कुठे जाईल माहीत नाही, त्याआधी द्या. अर्थ लावायला माणूस हवा असेल तर आमच्या मजल्यावरच्या भाभी तयार आहेत. गेले चार दिवस माझा मुलगा संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याकडे बसतोय, एकेक शब्द विचारून लिहून घेतोय, अजून अर्धं गाणंपण झालेलं नाही.

आपली एक वाचक,
ना. म. जोशी मार्ग, मुंबई