विकी विकहॅम यांना, पॅटी लाबेलच्या श्रोत्यांकडून

आदरणीय विकी विकहॅम,
स. न.

अमेरिकन गायिका पॅटी लाबेलचा आवाज तुम्ही घडवला नाहीत. तो फिलाडेल्फियाच्या चर्चमधून तयार होऊनच आला होता. आभार मानायचे आहेत ते त्याला मोकळं रान दिल्याबद्दल.

लंडनचा 'रेडी स्टेडी गो' हा तुमचा टीव्हीवरचा पॉप संगीताचा कार्यक्रम बंद झाल्यानंतर काही वर्षांनी तुम्ही मॅनेजर म्हणून पॅटीच्या गायनगटाची, ब्लूबेल्सची, सूत्रं हाती घेतलीत, तेव्हा गटाला उतरती कळा लागली होती. चौघींपैकी सिंडी बर्डसाँग १९६७ मध्येच सुप्रीम्स या दुसऱ्या गायनगटात गेलेली. राहिलेल्या तिघी अजून एकसारखे गाऊन आणि विग घालून उभ्या राहायच्या. तुम्ही ते उतरवायला लावलंत. पॅटी सहजासहजी तयार झाली नाही, आणि तिचंही बरोबरच होतं. चालू दुकान बंद करायला कोण धजावतं? १९७१ मध्ये नाव उरलं नुसतं 'लाबेल'.

पण कपड्यांपेक्षा मोठा बदल गाण्याच्या मांडणीत झाला. तोवरच्या गर्ल ग्रुपमध्ये एक मुख्य गायिका आणि मागे 'ऊ-आ' करणाऱ्या बाकीच्या, असा मामला असे. मुख्य आवाज जड असला की मागच्या बुजतात, आणि त्या बुजू नयेत म्हणून मुख्य गायिकेलाच आवरून गावं लागतं. लाबेलमध्ये वर सारा डॅशचा सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीचा आवाज, खाली नोना हेंड्रिक्सचा खर्ज, आणि तिघी पुढे, बरोबरीने. दोन्ही बाजू इतक्या भक्कम असल्यावर पॅटीने सुटून गायलं तरी गाणं कोसळत नाही. नोनाला स्वतःची गाणी लिहायला वाव मिळाला, हेही त्यातलंच. ऑक्टोबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये कृष्णवर्णीय पॉप गट पहिल्यांदाच गायला, तो हाच. प्रेक्षकांना चंदेरी काहीतरी घालून या म्हणून सांगितलं होतं! १९७५ मध्ये 'लेडी मार्मलेड' पहिल्या क्रमांकावर गेलं. न्यू ऑर्लिन्समध्ये निर्माते ॲलन तूसाँनी ते ध्वनिमुद्रित केलं होतं.

१९७६ च्या अखेरीस गट फुटला. एकल गायिकेची खरी अडचण तिथे सुरू होते. वरचा आणि खालचा आवाज गेला, की रिकामी जागा आपल्याच हरकतींनी भरून काढायचा मोह होतो. मग पहिल्या कडव्यातच सगळा दारूगोळा संपतो आणि शेवटाला चढायला जागा उरत नाही. १९७७ च्या पहिल्या एकल अल्बममधल्या 'यू आर माय फ्रेंड'मध्ये ती हळू सुरुवात करून टप्प्याटप्प्याने चढते. मैफलीत ते गाणं वर्षानुवर्षं टिकलं ते त्यामुळेच. तरी एकल गायिका म्हणून आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळायला १९८४ उजाडलं. त्या 'इफ ओन्ली यू न्यू'मध्ये तर ती बराच वेळ आवाज दाबूनच धरते. पॉप यादीत मायकेल मॅकडोनल्डबरोबरचं 'ऑन माय ओन' १९८६ मध्ये वर गेलं. ते चांगलंच आहे, पण आम्ही 'इफ ओन्ली यू न्यू'च्या बाजूचे.

सारा आणि नोना पॅटीच्या मागे नाही, शेजारी उभ्या राहिल्या. त्याबद्दल, आणि विग उतरवल्याबद्दल, मनापासून आभार.

आपले,
पॅटीचे मराठी श्रोते