शिवडी किल्ल्यावरच्या त्या सगळ्यांना थँक्यू!
रविवारी शिवडीच्या किल्ल्यावर जे जे राबले त्या सगळ्यांचे अगदी मनापासून आभार, गडबडीत नावं विचारायची राहूनच गेली. १६८० चा आपला किल्ला, १६८९ ला सिद्दीचा हल्ला सोसलेला, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी सांध्यात सिमेंट भरून ठेवलेलं, त्याने आतली ओल बाहेर पडत नाही आणि शेवटी दगडच झिजतो. ते मिस्त्रीकाका छिन्नीने हळूहळू सिमेंट काढत होते, दगडाला ओरखडा नाही, मग चुना बोटाने दाबून दाबून भरला (हे बघायलाच हवं होतं राव!). पिंपळाची रोपटी काढणारी पोरं, पाण्याचे कॅन वर आणणाऱ्या ताई, तुमच्यामुळे जुनी भिंत परत जुन्यासारखी दिसतेय.