बघितलं, पण बोलली नाही

जांभळी नाका, ठाणे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू इतकी रडवेली झालीस की मला धड बोलता आलं नाही. तुझ्या ब्लाउजच्या स्टोऱ्या ती शाळेतली मैत्रीण रोज बघते, बघणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव दिसतं, पण शेअर करत नाही की ऑर्डर देत नाही. म्हणून तू तिच्याशी बोलणं टाकलंस म्हणे. आता दुपारचं गिऱ्हाईक नाही, तेव्हा लिहितोय.

धंद्याला हे फोनवरचं सगळं हवंच, त्यात वाद नाही. आपल्या मॅचिंग सेंटरात पूर्वी नौपाडा, चरई, फार तर कळव्याच्या बायका यायच्या. २०१८ साली तू व्हॉट्सॲप बिझनेस लावून दिलंस आणि पार कासारवडवलीहून अस्तराच्या ऑर्डरी यायला लागल्या. दारावर केवढाही बोर्ड लावला असता तरी तो तिथून दिसला नसता.

पण एका बाईंनी साडीचा फोटो धाडला, मी मोरपंखी टू बाय टू ब्लाउजपीस पाठवला, आणि साडी निघाली बॉटल ग्रीन. तुझे आजोबा ट्यूबलाइटखाली कधी मॅचिंग करायचे नाहीत. गिऱ्हाइकाला साडीसकट फुटपाथवर उन्हात न्यायचे. फोन म्हणजे ट्यूबलाइटच की. आता मी फोटोवरून रंग ठरवत नाही. चार छटांचे तुकडे पाठवतो, साडीवर ठेवून उन्हात बघा म्हणतो.

आणि ४ ऑक्टोबर २०२१? घटस्थापना तीन दिवसांवर, नऊ रंगांची गडबड, आणि रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही ठप्प. मालक एकच ना! इन्स्टाग्रामवरच्या गिऱ्हाइकांचे तर फोन नंबरही आपल्याकडे नव्हते. तू रात्रभर फोन चाळत बसलीस. दुसऱ्या दिवशी आईने गल्ल्याशेजारी वही ठेवली: नाव, नंबर, रंग. तुझ्याकडे आहे का अशी वही?

मैत्रीचं मात्र निराळं, आणि तिथे मी स्वतः माती खाल्ली आहे. शाळेच्या ग्रुपवर माझा बाकावरचा दोस्त तीस वर्षांनी सापडला. राहायला कुठे, तर खाडीपलीकडे कळव्यात! तलावपाळीवर शेंगा खात दोन तास बसलो. मग दर शनिवारी बसायला लागलो. आणि मला दुर्बुद्धी सुचली, ग्रुपवर नव्या मालाचे फोटो टाकायला लागलो. तो भिडेखातर आला, वहिनींसाठी सहा पीस घेतले. पैसे देताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, मीही उगाच सुटे मोजत राहिलो. हळूहळू शनिवार सुटले. पूर्वी ‘ए बाळ्या’ म्हणायचा. आता वाटेत भेटला की म्हणतो, ‘काय शेठ!’

कोण बघून गेलं याचा हिशेब ठेवणं दुकानदाराला शोभतं. तुला कावीळ झाली तेव्हा ह्याच पोरीने तुझ्या सगळ्या वह्या उतरवून दिल्या होत्या. नवं घर, हप्ते, त्यात तुझा बाराशेचा ब्लाउज तिला झेपतो का, हे तरी विचारलंस? रोज बघते, हे काय कमी आहे?

तिला मेसेज नको, फोन कर. आणि ब्लाउजचा विषय काढू नकोस.

आई विचारतेय, जांभळ्या अस्तराचा तागा इथून पाठवू की पुण्यातच घेशील? टेम्पो गुरुवारी निघतो, त्याआधी कळव.

तुझा,
बाबा