दत्तास पत्र : पांढरी मुळी

सातगाव पठार,
ता. आंबेगाव, जि. पुणे
१४ ऑगस्ट

प्रिय दत्ता,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. बटाट्याच्या बुंध्याला मातीची भर लावायची होती आणि पावसाने वाफसाच येऊ दिला नाही. काल-परवा उघडीप मिळाली, भर उरकली, आज ओट्यावर बसून लिहितोय. "औंदा डीएपी किती टाकलंस?" असं त्या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताबद्दल तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही, म्हणून कागद जास्त घेतलेत.

उन्हाळ्यात दोन्ही पट्ट्यांची माती तपासून आणली. वरच्या पट्टीच्या अहवालात स्फुरदापुढे "भरपूर" लिहून आलं. तो शब्द मी दोनदा वाचला, कारण आप्पांच्या काळापासून त्या पट्टीत दरसाल एकरी तीन गोण्या डीएपी जातंय. मग पेन्सिल घेऊन हिशोबाला बसलो. ५० किलोच्या गोणीवर स्फुरदाचा जो ४६ टक्के आकडा असतो, तो ऑक्साइडच्या रूपातला. म्हणजे २३ किलो ऑक्साइड, आणि त्यात निखळ स्फुरद १० किलो. एक टन बटाटा शेताबाहेर जाताना सोबत साधारण अर्धा किलो स्फुरद नेतो. पावसावर एकरी आठ टन निघाले तरी चार किलो गेलं. तीस घातलं, चार काढलं, आणि हे वर्षानुवर्षं. थोडं मातीबरोबर ओढ्याला गेलं असेल, पण बाकीचं सगळं आपल्याच पायाखाली आहे, दत्ता. मोरोक्को-जॉर्डनच्या खाणीतून निघून समुद्र ओलांडून आलेला माल आपण पैसे मोजून पुरून ठेवलाय. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तू म्हणशील, मग पीक खत का मागतं? कारण स्फुरद युरियासारखं पाण्याबरोबर मुळाकडे वाहत येत नाही. माझ्या तांबूस रानात ते लोहाशी आणि ॲल्युमिनियमशी जखडतं, तुझ्या काळ्या चुनखडीच्या रानात चुन्याशी. पाण्यात विरघळलेलं असतं ते अगदी किंचित, आणि तेही दिवसाला मिलिमीटरभर सरकत नाही. मूळ आपल्याभोवतीची एक-दोन मिलिमीटर माती चाटूनपुसून घेतं, मग तिथं काही उरत नाही. पुढचा घास हवा तर मुळानेच पुढे गेलं पाहिजे. आणि बटाट्याचं मूळ कसं असतं ते आपण लहानपणापासून बघतोय: उथळ, विरळ, बहुतेक सगळं वरच्या फूटभर मातीत. त्याच जमिनीत गहू भागवून घेतो, कोबीही तगतो, बटाटा मात्र उपाशी राहतो. सुरुवातीच्या महिन्यात ही उपासमार झाली तर बटाटे कमी धरतात, आणि ती तूट पुढे कितीही खत घातलं तरी भरून येत नाही.

आता मुख्य गोष्ट. सगळे वाण सारखे उपाशी राहत नाहीत. आपण बेणं निवडताना भाव बघतो, साल बघतो, करपा किती येतो ते बघतो. खत कोण किती काटकसरीने वापरतं हे मी तरी वीस वर्षांत कधी कुणाला विचारलं नव्हतं. यात दोन वेगळ्या हुशाऱ्या आहेत. एक, मातीतून ओढून घेण्याची: लांब मुळी, तिच्यावर दाट केसमुळं, जखडलेलं स्फुरद सोडवणारी आम्लं मातीत सोडणं, बुरशीशी दोस्ती करून तिच्या तंतूंनी लांबचं आणणं. दुसरी, आत आलेलं पुरवून खाण्याची: म्हातारं पान वाळायच्या आधी त्यातलं स्फुरद कोवळ्या पानाला आणि बटाट्याला देणं, तेवढ्याच स्फुरदावर जास्त वजन बांधणं. एखादा वाण पहिलीत तरबेज असतो, एखादा दुसरीत. शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेच्या जालंधर केंद्रात असे वाण कमी-जास्त खतावर लावून पाहिले, त्यात कुफरी पुखराज काटकसरी निघाला. आपली लाडकी कुफरी ज्योती १९६८ची, पुखराज १९९८चा. तीस वर्षांनी धाकटा, पण कमी खतावर तग धरणारा.

हे कळल्यावर मला राहवेना. खालची पट्टी आप्पांनी मागाहून फोडलेली, मुरमाड, तिथलं स्फुरद अहवालात "कमी" होतं. जून सरता सरता तिथं चार ओळी ज्योती आणि चार ओळी पुखराज लावला. प्रत्येक ओळीच्या अर्ध्या लांबीत सरीला बेण्याखाली डीएपी दिलं, अर्धी कोरी ठेवली. डीएपीत १८ टक्के नत्रही (नायट्रोजन) असतं, म्हणून कोऱ्या भागात तेवढं नत्र युरियाने भरून काढलं. नाहीतर फरक नत्राचा की स्फुरदाचा हे कळलंच नसतं. आप्पा बांधावर उभं राहून बघत होते. बोलले नाहीत, पण कोऱ्या ओळी त्यांना बघवत नव्हत्या.

आज पीक पंचेचाळीस दिवसांचं आहे. ज्योतीच्या कोऱ्या भागात झाडं खुजी, पानं गडद आणि निस्तेज, दोन ओळींमधली माती अजून उघडी दिसते. पुखराजच्या कोऱ्या भागातही फरक आहे, पण तो मला शोधावा लागला. काल दोन्हींची तीन-तीन झाडं मातीच्या ढेपेसकट उपटून बादलीत हलक्या हाताने धुतली. पुखराजची पांढरी मुळी पाण्यात कापसासारखी पसरली. सहा झाडांवरून मोठी गोष्ट सांगू नये, पण आप्पा खाली वाकले आणि ती मुळी बोटावर घेऊन किती तरी वेळ बघत राहिले, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

म्हणून लगेच सगळं रान पुखराजला देऊ नकोस. त्याचा गर पिवळसर, पाणी जास्त. वेफरवाले तो घेत नाहीत आणि मंचरच्या बाजारात आपलं गिऱ्हाईक ज्योती मागतं. शिवाय काटकसरी वाण स्फुरद निर्माण करत नाही. माझ्या खालच्या पट्टीत तो बिनखताचा सारखा घेतला, तर उरलंसुरलंही संपवेल. तो शोभेल वरच्या पट्टीला, जिथं बापजाद्यांनी पुरलेली ठेव वापरून संपवायची आहे. तिथं औंदा मी तीनाची एकच गोणी केली, तीही फेकून नाही, सरीत बेण्याखाली. पाल्याने जमीन गेल्या सालाइतकीच झाकलीय.

तू नोव्हेंबरात रब्बीची लागण करशील, त्याआधी माती तपास आणि स्फुरदाचा आकडा मला कळव. "भरपूर" आला, तर जालंधरची बेण्याची गाडी ठरवताना दोन गोण्या पुखराज माझ्या सांगण्यावरून घे.

आमची काढणी नवरात्राच्या आसपास. ओळीच्या दोन्ही अर्ध्यांचं वजन वेगवेगळं करायचंय आणि आमच्या काट्याचा भरवसा राहिलेला नाही. येताना तुझा काटा घेऊन ये. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुरेश