बाई, त्या चार कोऱ्या ओळींबद्दल

बाई,
सप्रेम नमस्कार.

आत्याची जुनी मोडी लिपीतली पत्रं वाचून दिलीत, त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय आत्याच्या गुडघेदुखीवर नेता. म्हणून हे उघड पत्र. यात तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

आत्याचं ते गाठोडं आमच्या घरात कुणी चारचौघांत काढत नसे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्या नावावर दुसऱ्या महायुद्धात समुद्रापलीकडून आलेली वेगवेगळ्या शिपायांची पत्रं! तीही मोडीत, पुढच्या पिढीत कुणालाच न वाचता येणारी. लग्न झाल्यावर आजीनं गाठोडं माहेरीच ठेवून घेतलं. का ठेवून घेतलं ते तिच्याबरोबर गेलं, मागे राहिली ती कुजबुज. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "लोकांची आहेत ती." एवढंच. सगळ्यांना वाटायचं, म्हातारी विषय टाळतेय.

आता आत्या शंभरीला टेकली. नजर गेली. मोडी तिला येते, पण अक्षर दिसत नाही. एकदा ऐकायची आहेत म्हणाली, म्हणून आमची शोधाशोध सुरू झाली आणि माणसांचे नमुने भेटले. एका जाणकारांनी वरची दोन पत्रं चाळली आणि ढकलून दिली. "पेशवाईतलं काही असेल तर आणा, हे शिपायांचं रडगाणं आहे." एका संग्राहकाला पत्रं नकोच होती. त्याला हवी होती लष्कराच्या फील्ड पोस्ट ऑफिसचे शिक्के असलेली पाकिटं. आतला कागद तुम्हीच ठेवा म्हणाला, तेही उपकार केल्यासारखं. तिसऱ्या एका उत्साही तरुणानं फोटो काढून नेले आणि एक ओळही न वाचता "महायुद्धातली प्रेमपत्रे" असं नाव देऊन फोनवर फिरवले. आत्याच्या नातसुनेला तिच्या भिशीतल्या बायकांनी ते दाखवले. त्या संध्याकाळी घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

मग तुम्ही आलात. एसटीनं, पिशवीत भिंग आणि पेन्सिल घेऊन. आम्ही सगळे गोल करून बसलो होतो. तुम्ही आमच्याकडे बघितलंही नाहीत. आत्याच्या कानाशी वाकून म्हणालात, "आजी, ही तुमची पत्रं. वाचू का? आणि ही मंडळी इथं बसलेली चालतील का?" हे दोन प्रश्न तोवर कुणीच विचारले नव्हते, आम्हीसुद्धा नाही.

आत्या खरंच बोलत होती. पत्रं लोकांचीच होती. त्या काळी आमच्या भागात नवरा बायकोला थेट पत्र लिहीत नसे. लिहायचं ते आईवडिलांना. तीर्थरूपांस शिरसाष्टांग नमस्कार, बैल विकला की ठेवला, मनिऑर्डर पोचली का, सावकाराचं काय झालं, आणि शेवटी घरात सर्वांस यथायोग्य सांगणे. ओसरीवर कुणीतरी मोठ्यानं वाचणार, सासू-सासरे, दीर, शेजारी ऐकणार, आणि जिला ऐकायचं ती दाराआड. त्यावर गावच्या पोरांनी वाट काढली ती शाळामास्तरांच्या मुलीची. आत्या फायनलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सातवीपर्यंत शिकलेली, मोडी आणि बाळबोध (आजची देवनागरी) दोन्हीत हात चालणारा. घरचं पत्र घरी जायचं आणि मनातलं आत्याच्या नावावर. "हे तिला एकटीला गाठून वाच. चारचौघांत नको." तुम्ही हे वाक्य वाचलंत तेव्हा माझी बायको पदर तोंडाला लावून उठून गेली.

म्हणजे विहिरीवर, जात्यापाशी, तिन्हीसांजेला गोठ्याच्या कोपऱ्यात ही पोरगी दुसऱ्यांच्या बायकांना त्यांच्या नवऱ्यांची पत्रं वाचून दाखवायची आणि त्या सांगतील ते लिहून पाठवायची. तिकडे पत्र साहेबाच्या आणि सेन्सॉरच्या नजरेखालून जायचं, ठिकाणाचं नाव लिहायला बंदी. मग पोरं वाळू लिहायची, माश्या लिहायची, थंडी लिहायची. इकडे १९४२ नंतर साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार आणि त्याच मातीतली पोरं इंग्रजांच्या पलटणीत. आत्या उत्तरात त्यातलं अक्षर लिहीत नसे. "मी पावसाचं लिहायची," ती परवा म्हणाली. "आणि रॉकेल मिळत नाही म्हणून. एवढं चालायचं."

एक पत्र घड्यांवर फाटून आठ तुकडे झालेलं होतं. तुम्ही ते काचेवर जुळवलंत आणि विचारलंत, "आजी, हे इतकं कुणी वाचलं?" आत्या म्हणाली, "तिला रोज ऐकायचं असायचं." २१ जून १९४२ ला उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन तिथं शत्रूच्या हाती लागली. ते पत्र ऐकणारीचा नवरा त्यात होता. तो कैदेत जिवंत आहे हे कळायला कितीतरी महिने गेले, आणि तोवर तेच एक पत्र. तो परत आला, हे आत्यानं अगदी सहज सांगितलं. पुढे त्याला साखर कारखान्यात नोकरी लागली म्हणे.

पण मला लिहायचंय ते इटलीतून आलेल्या पत्राबद्दल. १९४३ ची अखेर. तुम्ही वाचत होतात: आईचा खोकला, धाकटीचं लग्न, शेताचा बांध. मग "आता हे तुझ्यासाठी" एवढं वाचलंत आणि थांबलात. खाली आणखी चार ओळी होत्या, त्या मला दिसत होत्या. तुम्ही चष्मा काढलात आणि आम्हाला म्हणालात, "जरा बाहेर बसता का?"

माझा मुलगा म्हणाला, "आम्ही घरचेच आहोत की."

तुम्ही म्हणालात, "पत्रावर नाव यांचं आहे."

दार लोटून घेतलंत. आम्ही पायरीवर बसलो, शाळेतून बाहेर काढलेल्या पोरांसारखे. बऱ्याच वेळानं दार उघडलं. आत्यानं चहा मागितला आणि म्हणाली, "पुढचं वाचा."

नंतर तुम्ही सगळ्या पत्रांचं बाळबोध लिप्यंतर टाइप करून पाठवलंत. त्यात त्या पत्राखाली चार ओळींची जागा कोरी आहे आणि समासात पेन्सिलनं "खासगी" लिहिलंय. मुलानं मला विचारलं, मूळ पत्र आपल्याकडे आहे, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं का? तो तसा वाईट नाही. पण मी पत्र आत्याच्या ट्रंकेत ठेवून किल्ली तिच्या कनवटीला दिली.

बाई, मोडी वाचणारे खूप आहेत. सरकारी वर्ग होतात, परीक्षा होतात, चांगलंच आहे. पण जांभळ्या पेन्सिलनं घाईत लिहिलेलं, शब्द न तोडता ओढत नेलेलं, वर सेन्सॉरचा शिक्का बसलेलं अक्षर लावता येणं ही एक विद्या, आणि कुठं वाचू नये हे कळणं ही दुसरी. दुसरीची परीक्षा कुठं होत नाही. आत्याला ती सोळाव्या वर्षी येत होती. गावातल्या अर्ध्या बायकांची गुपितं पोटात ठेवून ती ऐंशी वर्षं आमच्या नजरा सोसत राहिली आणि स्वतःची बाजू मांडायलासुद्धा तिनं त्यातलं एक वाक्य वापरलं नाही. अशी माणसं सभ्यपणाची भाषणं करत नाहीत. त्यामुळे ती ओळखू येत नाहीत आणि भेटली की आपली अडचण होते.

पत्रातल्या शिपाई नंबरावरून तुम्ही राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या नोंदीत, त्या इटलीवाल्याचं नाव शोधून दिलंत. इटलीत सांग्रो नदीकाठी दहन झालेल्या पाचशेहून अधिक हिंदी जवानांचं स्मारक आहे, त्यावर तो आहे. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे पत्रातल्या त्या "धाकटी"च्या मुलाला मी प्रत नेऊन दिली. त्याला मामा लढाईत गेला एवढंच ठाऊक होतं. मामानं बांधावरून किती चिडचिड केली होती ते वाचून तो मोठ्यानं हसला. बांधाचं भांडण अजून चालू आहे म्हणाला.

बाकीच्या प्रतीही घरोघर पोचवतोय, आत्याला विचारून, एकेक. दोन घरं मुंबईला गेलीत, त्यांचा पत्ता काढतोय. आणि तुमचं एसटीचं भाडं तुम्ही आत्याच्या उशीखाली ठेवून गेलात, ते सापडलं. ते मी परत पाठवणार आहे. या वेळी मनिऑर्डर नाकारू नका.

आपला,
आत्याचा भाचा