रामकुंडावरचा प्रश्न

नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काकांच्या दशक्रियेला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा बाबा, तुम्ही हात जोडून "अण्णा, वहिनीचं सगळं मी बघतो," असे म्हणालात आणि थोड्याच वेळात कावळा उतरला. परतीच्या बसची वाट पाहताना तुम्ही मला विचारलेत, की हे आपल्या मनामुळे घडते का. कारण पाहणाऱ्यावाचून जग नाही, हे आता विज्ञानानेही मान्य केले आहे, असे प्रवचनात सांगितले गेले होते. तेव्हा मी बॅगा मोजण्याचे निमित्त करून उत्तर टाळले, म्हणून हे पत्र.

विज्ञानाने तसे मान्य केलेले नाही. दोन फटींतून इलेक्ट्रॉन सोडले, तर पडद्यावर पट्टे उमटतात आणि कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला याची नोंद घेणारे उपकरण लावले, तर ते पट्टे नाहीसे होतात, इतके खरे आहे. पण ती नोंद कोणी वाचली नाही, तरी पट्टे परतत नाहीत. म्हणजे 'निरीक्षक' या शब्दाने आपल्याला डोळे आणि मन असलेला माणूस सुचतो, प्रत्यक्षात मात्र तिथे एक यंत्र पुरते. युजीन विग्नर या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाने 1961 मध्ये जाणिवेला यात स्थान द्यावे असे सुचवले होते खरे, परंतु पुढे त्याने स्वतःच तो विचार सोडला. प्रवचनकार हा दुसरा भाग सहसा सांगत नाहीत.

मृत्यूनंतरचे मात्र मी इतक्या ठामपणे सांगणार नाही. नेदरलँड्समध्ये हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या 344 रुग्णांपैकी 62 जणांनी त्या वेळचे काही अनुभव सांगितले. तो अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे, असे रुग्ण खरेच शरीराबाहेर जाऊन वरून पाहतात का, हे तपासायला दुसऱ्या संशोधकांनी रुग्णालयांत उंच फळ्यांवर, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवून पाहिली. 2014 मध्ये त्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा एकाही रुग्णाने त्या चित्राचे वर्णन केलेले नव्हते. आणि ज्याने आजूबाजूचे बारकाईने सांगितले, त्याचे हृदय बंद पडले त्या जागी फळीच नव्हती! त्यातही हे सारे परत आलेल्यांचे अनुभव आहेत. काका परत आले नाहीत.

आई, तू म्हणशील की एवढे शिकून ही लेक नास्तिक झाली. पण बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला, मरणानंतर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही, असे सांगतो, तेव्हा तीही गोंधळून त्याला जाब विचारते. आत्मा अविनाशी आहे, हे तो पुढे समजावतोच. तरी 'मी अमुक' ही वेगळी ओळख टिकेल, असा दिलासा तो बायकोलाही देत नाही.

कावळ्याचे म्हणाल, तर पलीकडच्या पिंडांवरून गर्दी हटली आणि तो आपल्याकडे आला, असे मला दिसले. तरीही तो उतरेपर्यंत माझा श्वास अडकला होता, हे लपवत नाही. काकांनी तुमचे शब्द ऐकले की नाही, हे मी सांगू शकत नाही. काकूंनी ते ऐकले. त्या तुमच्या मागेच उभ्या होत्या. कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या अर्जावर त्यांची सही घ्यायची आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात तुम्ही याच. काकांचा मृत्यूदाखला मी काढून ठेवला आहे.

तुमची,
लेक